बंदरावरचा परका वकील: मस्कत आणि झांजिबारच्या कॉन्सुलांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉन्सुल म्हणजे नेमका कोण? राजदूत आणि तो एकच का?

नाही. राजदूत दरबारात बसतो, कॉन्सुल बंदरावर. आपल्या देशाचं गलबत आलं की कागदपत्रं पाहायची, खलाशांची भांडणं मिटवायची, कोणी मेला तर त्याची पेटी कुलूपबंद करून वारसांसाठी ठेवायची, जकातीवरून कटकट झाली तर मध्ये पडायचं, ही त्याची कामं. कॉन्सुलर एजंट त्याहून खालचा. बहुतेक वेळा तो तिथलाच एखादा व्यापारी असे आणि पगाराऐवजी मानावर आणि ओळखीपाळखीवर काम करी.

आपल्या जुन्या कागदांत यातल्या बऱ्याच जणांना सरसकट 'वकील' म्हटलेलं असतं. तो कोर्टातला वकील नव्हे, धन्याच्या वतीनं बोलणारा माणूस.

एवढ्याशा पदासाठी साम्राज्यं भांडत का होती?

कारण त्या घरावर निशाण लागलं की त्याच्या छायेतली माणसं स्थानिक राजाच्या कायद्याखालून निसटत. कॉन्सुल आला म्हणजे एक माणूस आला एवढ्यावर भागत नसे. 'ही रयत कोणाची?' हा प्रश्न त्याच्याबरोबरच बंदरात उतरायचा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली मस्कत आणि झांजिबारची सगळी ओढाताण शेवटी याच प्रश्नावर येऊन थांबते. म्हणून कोणी कोणाला पाठवलं यापेक्षा कोणी कोणाला उतरू दिलं नाही, हे मला जास्त बोलकं वाटतं.

मस्कत आणि झांजिबार एकत्र का घ्यायचे? नकाशावर तर दोन्ही फार लांब आहेत.

दोन्हींचा धनी एकच होता. ओमानच्या बुसैदी घराण्याची सत्ता मस्कतपासून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत होती, आणि सय्यद सईदनं १८४० च्या सुमारास आपला मुक्कामच झांजिबारला हलवला. दोन्ही बंदरांना जोडणारा मोसमी वारा होता. ईशान्येचा वारा सुटला की कच्छ, काठियावाड आणि मस्कतची गलबतं आफ्रिकेकडे निघत आणि नैऋत्येच्या वाऱ्यावर परतत. या व्यवहारावर नजर ठेवणारं इंग्रजांचं सरकार होतं मुंबईत. त्यामुळे या गोष्टीतले अर्धेअधिक खलिते मुंबईला आलेले किंवा मुंबईहून गेलेले आहेत.

सुरुवात कुठून झाली?

१७९८ पासून. नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला आणि मुंबईत धाकधूक सुरू झाली. मस्कतचा सुलतान बिन अहमद फ्रेंचांच्या मॉरिशसशी व्यापार करायचा. उद्या तिथून टिपूला मदत गेली तर? ईस्ट इंडिया कंपनीनं इराणच्या किनाऱ्यावरच्या बुशहरचा आपला रेसिडेंट, म्हणजे तिथे राहणारा प्रतिनिधी, मेहदी अली खान याला मस्कतला धाडलं आणि १२ ऑक्टोबर १७९८ रोजी कौलनामा, म्हणजे लेखी वचनाचा करार, झाला. शब्द आपल्या ओळखीचा आहे. कौल देणं, कौलनामा करणं या गोष्टी आपल्याकडच्या दप्तरांत पानोपानी सापडतात. सुलतानानं कबूल केलं की युद्ध चालू असेतो फ्रेंच आणि डच यांना आपल्या मुलखात ठाणं मांडू देणार नाही.

इंग्रजांची भीती अगदीच हवेतली नव्हती. जानेवारी १७९९ मध्ये नेपोलियननं मस्कतच्या सुलतानाला पत्र लिहिलं आणि त्यासोबत टिपूसाठीचं पत्र पुढे पोचवण्याची विनंती केली. दोन्ही पत्रं वाटेतच इंग्रजांच्या हाती लागली.

मग इंग्रजांचा माणूस मस्कतला राहायला कधी गेला?

जानेवारी १८०० मध्ये जॉन माल्कम इराणला जाताना मस्कतला थांबला. हाच माल्कम पुढे १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाच्या शरणागतीच्या वेळी दिसतो आणि नंतर मुंबईचा गव्हर्नर होतो. त्यानं सुलतानाला सांगितलं की हिंदुस्थानची बंदरं तुम्हाला उघडी राहायला हवी असतील, तर कंपनीचा एक प्रतिष्ठित इंग्रज गृहस्थ मस्कतला कायम राहील. मस्कतची जहाजं मुंबई, मलबार आणि बंगालच्या मालावर चालत. सुलतान नाही म्हणणार तरी कसा?

त्या करारात दोन्ही राज्यांची मैत्री चंद्रसूर्य फिरायचे थांबेपर्यंत टिकावी असं लिहिलं आहे. आपल्या सनदांमधलं 'आचंद्रार्क' तेच. फरक इतकाच की आपल्याकडे ते इनाम देताना लिहीत, इथे ते घेताना लिहिलं गेलं.

पहिला माणूस पाठवला तो बोगल नावाचा शल्यवैद्य. सुलतानाच्या पदरी फ्रेंच वैद्य नको, त्यापेक्षा आपला असावा, हा हिशेब. बोगल त्याच वर्षी मस्कतलाच वारला. नंतर आलेला डेव्हिड सेटन १८०९ मध्ये गेला. आणखीही बळी पडले. तीन बाजूंनी काळे उघडे डोंगर, मध्ये वाटीसारखं बंदर आणि उन्हाळ्यात रात्रीसुद्धा दगडातून निघणारी धग. शेवटी मुंबई सरकारनं तिथे गोरा माणूस ठेवण्याचा नाद सोडला आणि काम स्थानिक एजंटावर सोपवलं. करारात 'इंग्रज गृहस्थ' होता, खुर्चीत मात्र तिथलाच व्यापारी बसला. काही काळ ही एजंटी एका ज्यू व्यापाऱ्याकडे होती.

फ्रेंचांनी प्रयत्न केला नाही?

केला, आणि तो किस्सा ऐकण्यासारखा आहे. ऑक्टोबर १८०३ मध्ये कॅव्हेन्याक नावाचा फ्रेंच प्रतिनिधी 'अटलांट' या युद्धनौकेतून मस्कतला पोचला. साधासुधा माणूस नव्हे, फ्रेंच राज्यक्रांतीच्या सभेत राजाच्या देहदंडाच्या बाजूनं मत दिलेला. सुलतान गावात नव्हता. कॅव्हेन्याक थांबला. सुलतान परतला आणि त्यानं त्याला रेसिडेंट म्हणून स्वीकारायला नकार दिला. कारण उघड होतं, त्याची मोठमोठी जहाजं त्या घडीला हिंदुस्थानच्या बंदरांत उभी होती. फ्रेंच माणूस ठेवून घेतला असता तर ती तिथेच अडकली असती. कॅव्हेन्याक आल्या जहाजानं मॉरिशसला परतला.

१८०७ मध्ये सुलतानाच्या वारसाशी फ्रेंचांचा करार झाला खरा, पण १८१० च्या शेवटी मॉरिशसच इंग्रजांनी घेतलं.

अमेरिकेचा यात काय संबंध?

अमेरिकेला ठाणं नको होतं, लढाई नको होती. हवा होता हस्तिदंत, आणि व्हार्निशसाठी लागणारा कोपल नावाचा डिंक. न्यू हॅम्पशायरचा व्यापारी एडमंड रॉबर्ट्स १८२०च्या दशकाअखेरीस झांजिबारला गेला, तिथल्या जकातीला आणि अडवणुकीला वैतागला आणि परत जाऊन त्यानं सरकारच्या मागे लकडा लावला. तोच सरकारचा प्रतिनिधी होऊन 'पीकॉक' जहाजातून आला आणि २१ सप्टेंबर १८३३ रोजी मस्कतला करार झाला. उतरवलेल्या मालावर पाच टक्के जकात, बाकी काही नाही.

करारातलं नववं कलम कॉन्सुलांचं. जिथे मुख्य व्यापार चालतो त्या बंदरांत अमेरिकेनं कॉन्सुल नेमावेत, अमेरिकनांच्या आपसातल्या तंट्यांचा निवाडा त्यांनीच करावा, मेलेल्या अमेरिकनाची मालमत्ता ताब्यात घ्यावी. कॉन्सुलाला अटक करता येणार नाही की त्याच्या मालाला हात लावता येणार नाही. त्यानं आगळीक केली तर अमेरिकेच्या अध्यक्षाकडे तक्रार करायची आणि अध्यक्षानं त्याला काढायचं. म्हणजे स्वतःच्या बंदरातल्या माणसाविरुद्ध सुलतानानं अर्धी पृथ्वी ओलांडून अर्ज पाठवायचा!

सुलतानाचा मोठेपणाही त्याच करारात दिसतो. फुटलेल्या जहाजावरच्या खलाशांच्या खाण्यापिण्याचा खर्च अमेरिकेनं भरून द्यावा असं मसुद्यात होतं. त्यानं ते मान्य केलं नाही. आश्रयाला आलेल्याकडून पैसे घेणं अरबांना शोभत नाही, खर्च मीच करीन, म्हणाला. योगायोग असा की १८३५ मध्ये मंजूर झालेला करार घेऊन येणारं 'पीकॉक' मसिरा बेटाजवळ खडकावर चढलं आणि मदतीला धावली ती सुलतानाचीच माणसं.

पहिला अमेरिकन कॉन्सुल कसा होता?

रिचर्ड वॉटर्स, मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावचा, १८३७ मध्ये झांजिबारला उतरला. पगार नाही. पोट व्यापारावर. त्यामुळे सकाळी तो अमेरिकेचा प्रतिनिधी आणि दुपारी सेलमच्या मालाचा विक्रेता. यात गडबड होणारच होती आणि झाली.

त्याचं सूत जुळलं जयराम शिवजीशी. जयराम हा कच्छमधल्या मुंद्र्याचा भाटिया, झांजिबारच्या जकातीचा मक्तेदार. सुलतानाला वर्षाला ठरीव रक्कम मोजायची आणि बंदरावरची सगळी वसुली आपल्याकडे, असा तो मक्ता. जकात त्याची, हमाल त्याच्या शब्दातले, किनाऱ्यावर माल नेणारे मचवे त्याच्या ओळखीचे, आणि आफ्रिकेच्या आतल्या भागात जाणाऱ्या व्यापाऱ्यांना उधारी देणारे कच्छी सावकारही त्याच्याच जातगोतातले. वॉटर्सनं त्याच्याशी संधान बांधलं, आणि बाकीच्यांना ना गिऱ्हाईक मिळे ना माल. सेलमचेच दुसरे व्यापारी बोंबलू लागले. लंडनच्या एका पेढीच्या माणसानंही तक्रार केली.

मला इथे जयरामचं कौतुक वाटतं. करारात त्याचं नाव कुठे नाही. तो ना राजा, ना वकील. पण करारातली पाच टक्के जकात प्रत्यक्षात कोणाच्या हातावर पडायची, तर त्याच्या.

'मेरिकानी' हा शब्द इथूनच आला का?

हो. न्यू इंग्लंडच्या गिरण्यांमधलं जाडंभरडं कोरं कापड पूर्व आफ्रिकेत इतकं खपलं की स्वाहिलीत त्या कापडालाच 'मेरिकानी' म्हणू लागले.

मग ब्रिटिश कॉन्सुल कशासाठी आला? गुलामांचा व्यापार थांबवायला की अमेरिकनांना अडवायला?

दोन्ही, शिवाय फ्रेंचांचीही धास्ती होतीच. ३१ मे १८३९ रोजी हिंदी आरमारातल्या कॅप्टन रॉबर्ट कोगननं झांजिबारला करार केला. त्यात एक मेख राहिली. टांगाटे ते किलवा या आफ्रिकन किनाऱ्यावरचा हस्तिदंत आणि कोपल यांचा मक्ता सुलतानाकडेच राहिला. अमेरिकनांच्या करारात अशी अट नव्हती. ब्रिटिश व्यापाऱ्यांनी पुढे याबद्दल बरीच कुरकुर केली.

१८४१ मध्ये कॅप्टन ॲटकिन्स हॅमर्टन झांजिबारला राहायला आला. आयरिश माणूस, मुंबईच्या पंधराव्या नेटिव्ह इन्फन्ट्रीतला. त्याच्या डोक्यावर दोन टोप्या होत्या, एक राणीच्या कॉन्सुलाची, दुसरी कंपनीच्या एजंटाची. एक अहवाल लंडनला, एक मुंबईला. वारा अनुकूल नसेल तर उत्तर यायला महिनोन्‌महिने लागत. झांजिबारला नियमित टपालाची आगबोट सुरू झाली तीच १८७२ मध्ये. तोवर हॅमर्टनसारख्या माणसाला जे सुचेल ते धोरण.

२ ऑक्टोबर १८४५ च्या करारानं सुलतानाच्या आफ्रिकेतल्या मुलखाबाहेर गुलाम पाठवायला बंदी आली, अंमल १ जानेवारी १८४७ पासून. सय्यद सईद १८५६ मध्ये समुद्रावरच वारला आणि हॅमर्टन पुढच्याच वर्षी जुलैमध्ये झांजिबारला. जवळजवळ वर्षभर ती खुर्ची रिकामी होती.

बाकी कोणाकोणाचे कॉन्सुल होते?

फ्रेंचांचा करार नोव्हेंबर १८४४ चा, त्यामागोमाग त्यांचा कॉन्सुल आला. हॅम्बुर्ग, ब्रेमेन आणि ल्यूबेक या जर्मन व्यापारी शहरांनी १८५९ मध्ये करार केला. एका छोट्याशा बेटावर, चालत दहा मिनिटांच्या अंतरात, चार निशाणं.

निशाणावरून भांडणं होत होती का?

व्हायची. तोफा किती झाडल्या, कोणाला किती सलाम मिळाले, कोणाच्या सणाला किल्ल्यावरून उत्तर आलं नाही. वॉटर्सनंतरचा अमेरिकन कॉन्सुल चार्ल्स वॉर्ड १८५० मध्ये ४ जुलैच्या सलामीवरून रुसला आणि झांजिबार सोडून गेला. पुढच्या वर्षी 'सस्क्वेहाना' ही अमेरिकन युद्धनौका समजुतीसाठी आली. आज हसू येतं, पण लग्नात मानपानावरून रुसलेले व्याही आपण पाहिलेत. तिथेही प्रश्न नारळाचा नसतो.

मुंबईचा संबंध फक्त सरकारी होता का?

मुळीच नाही. सुलतानाची जहाजं मुंबईत बांधली जात. १८४० मध्ये न्यूयॉर्कला गेलेलं 'सुलताना' हे पहिलं अरब जहाज मुंबईतच बांधलेलं. सुलतानानं इंग्लंडच्या राजाला भेट दिलेलं ७४ तोफांचं 'लिव्हरपूल'सुद्धा मुंबईच्याच गोदीतलं.

त्याहून मोठा दुवा कायद्याचा आहे. १८६६ च्या ब्रिटिश फर्मानानं झांजिबारच्या कॉन्सुलच्या कोर्टाला मुंबई इलाख्यातल्या जिल्हा कोर्टासारखं धरलं. दंडविधान हिंदुस्थानचं, दिवाणी कायदा हिंदुस्थानचा, अपील मुंबई उच्च न्यायालयात. दुसऱ्याच्या राज्यातलं बंदर, आणि तिथल्या कच्छी पेढीचा दावा चालायचा आपल्या फोर्टात.

त्या कच्छी लोकांना हे हवं होतं का?

सोयीप्रमाणे. देणेकरी पळाला किंवा गलबत लुटलं गेलं की ब्रिटिश रयत असणं फायद्याचं. पण १८५८ मध्ये क्रिस्टोफर रिग्बी आला आणि गणित बदललं. रिग्बीही मुंबईच्या फौजेतला, भाषांच्या परीक्षा देत वर आलेला. त्यानं १८६० मध्ये साफ सांगितलं की ब्रिटिश रयतेला गुलाम बाळगता येणार नाहीत. हिंदी व्यापाऱ्यांच्या घरांतले आणि लवंगांच्या बागांतले हजारो गुलाम त्यानं मोकळे केले, प्रत्येकाला मुक्तीचा कागद दिला, आणि न ऐकणाऱ्यांना दंड आणि कैदही केली.

तेव्हा काही जणांना एकदम आठवलं की आपण इंग्रजांची नव्हे, कच्छच्या रावांची रयत, आणि इथे तर सुलतानाच्याच छत्राखाली राहतो. कच्छ हे संस्थान, ब्रिटिश मुलूख नव्हे, त्यामुळे मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. हा घोळ मिटला १८६९ मध्ये. कच्छच्या रावांनी जाहीर केलं की मस्कत आणि झांजिबारला असलेल्या आपल्या रयतेचे तंटे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ब्रिटिश रयतेप्रमाणेच पाहावेत. भुजमध्ये सही झाली आणि झांजिबारच्या सुलतानाच्या हातून त्याचे सगळ्यात श्रीमंत व्यापारी निसटले. कोणी त्याला विचारल्याचं दिसत नाही.

इंग्रज स्वतःच्या बंदरात दुसऱ्यांचे कॉन्सुल येऊ देत होते का?

चांगला प्रश्न. जॉर्ज वॉशिंग्टननं १७९२ मध्ये बेंजामिन जॉय याला कलकत्त्याचा कॉन्सुल नेमलं. तो १७९४ मध्ये पोचला तेव्हा कंपनी सरकारनं त्याला कॉन्सुल मानायला नकार दिला. व्यापारी एजंट म्हणून राहा, आणि आमच्या दिवाणी-फौजदारी कायद्याखाली राहा, असं सांगितलं. चारच वर्षांनी हीच कंपनी मस्कतमध्ये कौलनामा करत होती.

मराठेशाहीत असं काही घडलं होतं का?

घडलं, आणि गाजलं. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच चौलला उतरून पुण्याला आला. आपण फ्रान्सच्या राजाचे वकील असल्याचं सांगून त्यानं मदतीच्या बदल्यात चौलचं बंदर मागितलं. नाना फडणवीसांनी त्याचा मानमरातब केला. त्यांचा त्याच्यावर कितपत विश्वास होता याबद्दल मला शंकाच आहे, पण पुण्यातल्या इंग्रज वकिलाची, मॉस्टिनची झोप उडाली हे नक्की, आणि नानांना बहुधा तेवढंच हवं होतं. मुंबईकर इंग्रजांनी या प्रकरणाचं भांडवल केलं. १७७८ मध्ये सेंट ल्युबिनला निरोप दिला गेला. मस्कतच्या सुलतानाकडे नानांसारखी फौज नव्हती, म्हणून त्याला असा डाव फार वेळ खेळता आला नाही.

मस्कतमध्ये फ्रेंच शेवटी आले का?

आले, १८९४ मध्ये. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी १० मार्च १८६२ रोजी मस्कत आणि झांजिबार या दोन्ही सुलतानांच्या (सईदनंतर दोन्हींचे धनी वेगळे झाले होते) स्वातंत्र्याचा आदर करण्याचं जाहीर केलं होतं, त्या आधारावर फ्रान्सनं ओतावी नावाचा उपकॉन्सुल पाठवला. तो अरबी उत्तम जाणणारा. ओमानमधल्या सूर बंदरातल्या अरबी गलबतांना फ्रेंच निशाण देण्याची जुनी रीत होती, ती आता ठसठसू लागली. निशाण असलं की ब्रिटिश आरमार झडती घेऊ शकत नसे, मग आत गुलाम असोत की बंदुका. १८९८ मध्ये सुलतान फैसलनं फ्रेंचांना कोळशाच्या वखारीसाठी बंदर जिस्सा इथे जागा दिली. फेब्रुवारी १८९९ मध्ये ब्रिटिश युद्धनौका मस्कतपुढे उभी राहिली आणि त्याला ती सनद जाहीरपणे रद्द करावी लागली. निशाणांचा वाद हेगच्या लवादापुढे गेला. ८ ऑगस्ट १९०५ च्या निवाड्यानं २ जानेवारी १८९२ पूर्वी दिलेली निशाणं टिकली, नंतरची जवळपास सगळी गेली.

कॉन्सुलच्या घरात शिरलेल्याला खरंच कोणी हात लावू शकत नव्हतं का?

२७ ऑगस्ट १८९६ ची गोष्ट. झांजिबार तोवर ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली गेलं होतं. सुलतान वारला आणि खालिद बिन बरघश ब्रिटिशांना न विचारता राजवाड्यात जाऊन बसला. सकाळी नऊची मुदत संपली आणि आरमारानं तोफा डागल्या. पाऊण तासाच्या आत राजवाड्याचा चुराडा. खालिद मागच्या मागे निसटला आणि जर्मन कॉन्सुलच्या घरात शिरला. बाहेर ब्रिटिश शिपाई पहाऱ्याला बसले. आत जाता येईना, कारण ते घर जर्मनीचं. बाहेर पाऊल पडलं की पकडायचं, एवढाच हुकूम.

महिन्याहून जास्त काळ हे चाललं. २ ऑक्टोबरला जर्मन युद्धनौका 'झेआडलर' बंदरात होती. त्या दिवशी मोठी भरती होती. पाणी चढत चढत कॉन्सुलच्या बागेच्या समुद्राकडच्या दारापर्यंत आलं आणि जहाजाची होडी थेट दारालाच लागली. खालिद बागेतून सरळ होडीत उतरला. झांजिबारच्या मातीला त्याचा पाय लागलाच नाही, आणि रस्त्यावरचे शिपाई पाहत राहिले.